कात्री घे

(दृश्य: शाळेतला वर्ग. टेबलावर डाळिंबं, शेजारी तराजू.)

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच सरलीय. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून ज्या केगावात आहे, ते इथून जवळच. तेव्हा इथं सांख्यिकीच्या तासाला डाळिंबं आली, याचं कुणाला नवल नाही. तास संपल्यावर ती कुणाला मिळणार, एवढाच प्रश्न.

पाच फळं तोलली. १८०, २२०, २५०, २७०, ३३० ग्रॅम. सरासरी २५०. प्रत्येक फळाला एकच गोष्ट विचारली: तुझं वजन किती? बदलणारी, मोजायची गोष्ट म्हणजे चल. इथे ते एकच, म्हणून हा एकचल डेटा. मग फळं फोडून दाणे मोजले. काही दाणे मोजण्याआधीच तोंडात गेले. तेवढी चूक धरायची. आता एकेका फळापुढे दोन आकडे. हा द्विचल.

इथवर सोपं आहे. बाई फळ्यावर आणखी दोन रकाने आखतात: मुलांची उंची, मुलींची उंची. वर्ग एका सुरात ओरडतो, "द्विचल!"

"मग या मुलासमोर हीच मुलगी का लिहिली?"

हशा पिकतो, पण उत्तर येत नाही. कारण नाहीच. उंची हे एकच चल, फक्त दोन गटांत मोजलेलं.

आता १८८६ सालचा इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टनचा तक्ता बघा. २०५ जोडप्यांची ९२८ सज्ञान मुलं. एका बाजूला आईवडिलांची मिळून काढलेली उंची, दुसऱ्या बाजूला मुलांची. दोन्हीकडे उंचीच, तरी हा डेटा द्विचल. प्रत्येक मूल आपल्याच आईबापाशी बांधलेलं आहे.

बाईंची युक्ती साधी. दोन रकान्यांच्या मध्ये कात्री चालवा, एका रकान्याचे तुकडे करून पत्त्यांसारखे पिसा, पुन्हा चिकटवा. सरासऱ्या जशाच्या तशा राहतात. मुलामुलींच्या उंचीत काहीच बिघडत नाही. डाळिंबांचं वजन आणि दाणे आलेखावर मांडले, तर तिरके वर चढणारे ठिपके मात्र विस्कटून जातात. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं, असं आम्हालाही वाटलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी वही घेऊन येते. वडिलांनी लिहिलेले डाळिंबाचे भाव, रोजच्या तारखेसकट.

"बाई, तारीखपण चल धरायची का?"

"कात्री घे."

तुकडे पिसले जातात. ती थोडा वेळ बघत राहते.

"भाव हायेत तेच. पण कधी चढला, कधी पडला, ते गेलं की!"