जुन्या नायकांचे नवे अंक

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी दुकानांत येतात, आणि जगभरातल्या चाहत्यांसाठी आठवड्याचा तो दिवस महत्त्वाचा असतो. गेल्या काही काळातल्या बुधवारांनी जे अंक दिले, त्यांतल्या काहींविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. विशेषतः आपल्याला लहानपणापासून माहीत असलेल्या नायकांची कथा पहिल्या पानापासून नव्याने सांगणाऱ्या अंकांविषयी. सुपरमॅन 1938 साली अवतरला, बॅटमॅन 1939 साली आणि वंडर वुमन 1941 साली. इतकी वर्षे सतत छापल्या जाणाऱ्या नायकांना नवी सुरुवात करून देण्याचे प्रयोग प्रकाशक अधूनमधून करतच असतात, आणि त्यांपैकी बरेचसे नवा पोशाख आणि नवे मुखपृष्ठ यांच्यापलीकडे जात नाहीत. म्हणून अशा अंकांकडे पाहताना मी एक कसोटी लावतो. नायकाजवळचे काय काढून घेतले आहे, आणि जे काढून घेतले त्यामुळे चित्राचे पान बदलले आहे की फक्त कथेचा सारांश बदलला आहे? कॉमिक हे अखेर चौकटींच्या मांडणीतून वाचले जाते. बदल जर फुग्यांतल्या संवादांपुरता राहिला, तर तो गद्यातही सांगता आला असता.

आपल्यापैकी अनेकांना हे माध्यम पहिल्यांदा भेटले ते इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळामुळे. मुंबईहून निघणारे ते अंक मराठीतही येत असत. वेताळ म्हणजे वारशाचा पुतळा होता: कवटीची गुहा, अंगठी, पिढ्यान्‌पिढ्या साठलेला खजिना आणि बापाकडून मुलाकडे आलेली शपथ. बॅटमॅनही मुळात वारसदारच आहे. वेन घराण्याची संपत्ती, वाडा, वाड्याखालची गुहा आणि विश्वासू नोकर आल्फ्रेड हे सगळे त्याला जन्माने मिळालेले आहे. 2024च्या ऑक्टोबरमध्ये डीसी कॉमिक्सने ‘अ‍ॅब्सोल्यूट’ नावाची मालिका सुरू केली, आणि तिच्यात नेमका हा वारसाच काढून घेतला.

‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला अंक 9 ऑक्टोबर 2024 रोजी आला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. या कथेतला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, कामगार वस्तीत वाढलेला, चोविशीतला, गॉथम शहराच्या सेवेत असलेला अभियंता आहे. त्याचे वडील शाळामास्तर. मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलेले असताना झालेल्या गोळीबारात ते मारले जातात. आई मात्र जिवंत आहे आणि शहराच्या कारभारात काम करते. आल्फ्रेड इथे नोकर नाही, तर ब्रिटिश गुप्तहेर आहे. आणि पुढे बॅटमॅनचे शत्रू म्हणून आपल्याला ठाऊक असलेली कितीतरी माणसे इथे त्याचे वस्तीतले बालमित्र आहेत, ज्यांच्याबरोबर तो पत्ते खेळत मोठा झाला. ही शेवटची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक मारामारीत काही तरी तुटण्याची शक्यता निर्माण होते. परक्या खलनायकाला हरवण्यात ते दुःख कधीच नसते.

आता पानाकडे पाहू. ड्रॅगोटाने हा बॅटमॅन अवाढव्य काढला आहे. खांदे चौकटीत मावत नाहीत, मान जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह एका जाड, चौकोनी ठोकळ्यासारखे आहे. ते चिन्ह छातीवरून निघते आणि कुऱ्हाडीचे पाते बनते. टोपाचे दोन कान उपटले की ते सुरे होतात. झग्याच्या पट्ट्या हातांसारख्या पुढे झेपावतात. ज्याच्याजवळ शस्त्रागार नाही, त्याने अंगावरच्या कपड्याचेच शस्त्रागार केले आहे, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही, ते दिसते. मांडणीतही हाच विचार आहे. ब्रूस शहर वाचत असतो, अंतरे मोजत असतो, तेव्हा पान लहान लहान चौकटींत चिरले जाते, आणि तो उडी घेतो तेव्हा त्या साऱ्या भिंती पाडून एकच आकृती पानभर पसरते. फ्रँक मार्टिन यांचे रंग त्या क्षणी सपाट आणि भडक होतात. अभियंत्याची नजर आणि देहाची ताकद यांतला फरक इतक्या कमी साधनांत दाखवणे ही मोठी कारागिरी आहे.

माझी तक्रारही तितकीच स्पष्ट आहे. पहिल्याच अंकात बॅटमॅन कुऱ्हाडीने एका गुंडाचा हात तोडतो. तो जीव घेत नाही, हे लेखकाने जपले आहे. पण या प्रसंगाला चित्रात जी ऐट दिली आहे, ती मला पटत नाही. गरिबीतून आलेला नायक अधिक हिंस्रच असला पाहिजे, असे यातून सुचवले जाते, आणि शाळामास्तराच्या मुलाला ते शोभत नाही. घरातल्या लहान मुलांच्या हाती हा अंक देण्याआधी पालकांनी तो स्वतः वाचावा, अशी माझी विनंती आहे.

त्याच महिन्याच्या 23 तारखेला ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’चा पहिला अंक आला, आणि माझ्या मते या सगळ्या नव्या अंकांत तो सर्वश्रेष्ठ आहे. लेखिका केली थॉम्पसन, चित्रकार हेडन शर्मन, रंग जॉर्डी बेलेअर यांचे. मूळ कथेतली डायना, म्हणजेच वंडर वुमन, ही देवांचा वरदहस्त लाभलेल्या बेटावर, अ‍ॅमेझॉन स्त्री-योद्ध्यांच्या समाजात, राणीची मुलगी, राजकन्या म्हणून वाढते. इथे ते बेट नाही, आई नाही, भगिनी नाहीत. देवांच्या आज्ञेने तान्ह्या डायनाला नरकात, शापित जादूगारीण सर्सी हिच्यापाशी टाकले जाते, आणि तिच्या कुळाचे नाव उच्चारण्यावरही बंदी घातली जाते. सर्सीला हे मूल नको असते. तिचा विरोध हळूहळू कसा विरघळतो, हे थॉम्पसन यांनी फार थोड्या संवादांत लिहिले आहे.

या मालिकेत चित्रांनी केलेले काम मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. वर्तमानकाळात डायना संकटात सापडलेल्या शहरावर उतरते ती हाडांचा सापळा झालेल्या पंख असलेल्या घोड्यावरून, पाठीला तिच्या उंचीइतकी तलवार लावून. ही प्रतिमा भीतिदायक आहे. पण शर्मन तिचा चेहरा शांत ठेवतात, जवळजवळ कोवळा. ज्या राक्षसांमध्ये ती वाढली, ते तिचे खेळगडी होते. त्यामुळे अक्राळविक्राळ प्राण्याकडे पाहताना तिच्या डोळ्यांत तिरस्कार नसतो, ओळख असते. नरकातल्या प्रसंगांत चौकटी सरळ रांगेत बसत नाहीत. त्या वळतात, एकमेकींत शिरतात, वाचकाची नजर गोल फिरवून खाली उतरवतात. वर, माणसांच्या जगात, चौकटींना पुन्हा कडा येतात. बेलेअर यांनी नरकाला लाल आणि केशरी रंगांची ऊब दिली आहे, कारण डायनासाठी ते घर आहे. पुढच्या अंकांत आपल्याला कळते की नरकात चुकून येऊन पडलेल्या एका वैमानिकाला परत पाठवण्यासाठी तिने स्वतःचा हात अर्पण केला होता. बॅटमॅन दुसऱ्याचा हात तोडतो आणि वंडर वुमन स्वतःचा देते; एकाच मालिकेतल्या या दोन प्रसंगांनी दोन लेखकांच्या दृष्टींतले अंतर मला स्पष्ट दिसले. बेका केरी यांच्या अक्षरांकनाचाही उल्लेख केला पाहिजे. मंत्र, कुजबुज आणि साधे बोलणे यांचा आवाज वाचकाला फुग्यांच्या नुसत्या आकारावरून ऐकू येतो.

‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’ 6 नोव्हेंबर 2024 रोजी सुरू झाला. लेखक जेसन अ‍ॅरन, चित्रकार राफा सांडोव्हाल. कल्पनेच्या दृष्टीने हा अंक तिघांत सर्वांत समृद्ध आहे. सुपरमॅनच्या जन्मग्रहावर, क्रिप्टॉनवर, वर्गभेद आहे, काल-एलचे, म्हणजे सुपरमॅनचे, आईवडील श्रमिक वर्गातले आहेत, आणि छातीवरचे जगप्रसिद्ध चिन्ह हे त्या श्रमिकांचे चिन्ह आहे. पृथ्वीवर आल्यावर तो खाणकामगारांच्या बाजूने उभा राहतो. एवढी ठिणगी हाती असताना मांडणी मात्र तिला न्याय देत नाही. त्याच्या पोशाखात सोल नावाची बोलणारी यंत्रबुद्धी आहे, आणि ती सतत त्याच्याशी बोलत राहते. घर, आईवडील, गाव, सगळे हिरावले गेलेल्या मुलाचा एकटेपणा चित्रात दिसू लागतो न लागतो तोच मजकुराची पट्टी येते आणि तो झाकून टाकते. माझ्या कसोटीवर हा अंक उतरत नाही. मी तो तरीही वाचतो आहे, कारण क्रिप्टॉनवरच्या प्रसंगांतला संताप खरा आहे.

मार्व्हल कॉमिक्सने असाच प्रयोग थोडा आधी, 2024च्या जानेवारीत, ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मधून केला. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेट्टो. इथे पीटर पार्करपासून, म्हणजे स्पायडर-मॅनपासून, काढून घेतले आहे ते त्याचे तारुण्य. विशी उलटून गेली, लग्न झाले, दोन मुले झाली, आणि कोळ्याचा दंश झालाच नाही, कारण कुणीतरी त्याचे भवितव्य चोरले होते. मूळ कथेत ज्यांच्या मृत्यूने पीटर घडतो ते बेनकाका इथे जिवंत आहेत, आणि मे काकू गेलेल्या आहेत. आयुष्य बरे चाललेल्या माणसाला, तुझे खरे आयुष्य वेगळे होते, असे कुणी सांगितले तर तो काय करील, हा प्रश्न या अंकांच्या मुळाशी आहे आणि तो मोठ्या माणसांचा प्रश्न आहे. बेनकाका आणि जेम्सन हे दोन ज्येष्ठ पत्रकार मालकाशी न पटल्याने नोकरी सोडून स्वतःचे वृत्तपत्र काढायला निघतात, हे उपकथानक मला मुख्य कथेइतकेच प्रिय आहे. चौथ्या अंकात तर दोन जोडपी जेवायला बसतात आणि बोलतात, बहुतेक अंक त्यातच जातो. सुपरहीरोच्या अंकात असे धाडस करायला लेखकाचा वाचकावर विश्वास लागतो. शिवाय या कथेतला काळ प्रकाशनाबरोबर, महिन्याला महिना असा पुढे सरकतो. त्यामुळे अंकाअंकांत जे घडले ते आपल्याही आयुष्यातला एक महिना गेल्यावर कळते, आणि मासिक अंकाची वाट पाहण्याला कथेतच अर्थ मिळतो.

प्रकाशकांविषयी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठे काढून तोच मजकूर चाहत्यांना पुन्हा पुन्हा विकण्याची प्रथा आता फार बोकाळली आहे. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला, याचा मला आनंद आहे, कारण नवे वाचक आल्याशिवाय तसे होत नाही. परंतु त्यातल्या किती प्रती वाचण्यासाठी घेतल्या गेल्या आणि किती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवण्यासाठी, हा प्रश्न उरतो. एका अंकाला सुमारे पाच डॉलर मोजणाऱ्या वाचकाला चांगला कागद आणि पूर्ण भरलेली पाने मिळावीत. दहावे मुखपृष्ठ नको. आपल्याकडच्या वाचकाने सुटे अंक मागवण्याच्या खर्चात न पडता पाच-सहा अंकांचे एकत्रित खंड घ्यावेत. बॅटमॅनचा पहिला खंड ‘द झू’ या नावाने आणि वंडर वुमनचा ‘द लास्ट अ‍ॅमेझॉन’ या नावाने निघाला आहे.

शेवटी, मूळच्या मुंबईच्या एका लेखकाच्या कामाकडे आपले लक्ष वेधतो. राम व्ही हे आज इंग्रजी कॉमिक्समधले एक आघाडीचे नाव आहे. बॅटमॅनची मूळ मालिका असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चे लेखनही त्यांनी 2022 ते 2024 या काळात केले. पोर्तुगीज चित्रकार फिलिपे आंद्राद यांच्यासह त्यांनी 2023 साली ‘रेअर फ्लेव्हर्स’ ही सहा अंकांची कथा सुरू केली. महाभारतातला बकासुर, एकचक्रा नगरीला गाडाभर अन्न मागणारा, आजच्या भारतात रुबिन नावाने वावरतो आहे आणि एका खचलेल्या तरुण चित्रपटकाराला बरोबर घेऊन खाद्यपदार्थांवर माहितीपट काढतो आहे. त्याला अन्नाची जितकी भूक आहे तितकीच माणसांचीही आहे, आणि कथा हे लपवत नाही. पदार्थांच्या कृती चौकटींमध्येच गुंफल्या आहेत: फोडणीचा धूर, हाताची हालचाल, रांधणाऱ्याचा चेहरा, आणि त्याच ओघात त्या माणसाची कहाणी. आंद्राद यांची रेषा लांब, सैल आणि चपळ आहे, आणि आपल्या रस्त्यांवरची गर्दी तिच्यात उपरी वाटत नाही. अमेरिकन नायकांजवळचे काढून घेऊन जे साधले, ते इथे आपल्या पुराणातल्या राक्षसाला भूक, रसना आणि पश्चात्ताप देऊन साधले आहे.

इंद्रजालचे अंक 1990 साली बंद झाले, आणि त्यानंतर मोठ्या वाचकांसाठी अशी अनुवादित कॉमिक्स मराठीत सातत्याने आली नाहीत. ‘रेअर फ्लेव्हर्स’ ही सहा अंकांत पूर्ण होणारी, आपल्या मातीतली कथा आहे. मराठी प्रकाशकांनी सुरुवात तिच्यापासून करावी, असे मला मनापासून वाटते. मात्र ते करताना चांगला अक्षरकार नेमावा आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. इंग्रजी कॉमिक्समधले फुगे रोमन लिपीतल्या एकाच उंचीच्या मोठ्या अक्षरांसाठी आखलेले असतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते, ओळी एकमेकींपासून दूर ठेवाव्या लागतात, आणि तोच संवाद त्याच फुग्यात कोंबला तर तो वाचताना डोळ्यांना त्रास होतो. म्हणून फुगे नव्याने आखावेत, आणि अक्षरकाराचे नाव लेखक-चित्रकारांच्या नावांबरोबर मुखपृष्ठावर छापावे.

नमस्कार.