बिनब्रेकची गाडी आणि अठरा वर्षांचा क्रिस्तियान

(नागपुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दुचाकीचे मिस्त्री आणि मोटारसायकल क्लबचे सभासद यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

22 मे 2016, रविवार. पोलंडमधल्या रिब्निक शहरात स्पीडवेचा, म्हणजे कच्च्या ट्रॅकवरच्या बिनब्रेकच्या मोटारसायकल शर्यतींचा, लीग सामना सुरू होता. तार्नूफच्या संघाकडून क्रिस्तियान रेम्पावा खेळत होता. त्याला अठरा पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याचे वडील यात्सेक याच खेळातले, काकाही याच खेळातले. एका शर्यतीत त्याची आणि दुसऱ्या स्वाराची टक्कर झाली. पडताना क्रिस्तियानचं हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं. डोक्याला जबर मार लागला आणि सहा दिवसांनी, 28 मे रोजी, तो गेला. दुसऱ्या स्वाराचं नाव मी इथे घेणार नाही. तोही तरुणच होता आणि हा खेळातला अपघात होता.

असं पोर गेलं की लोक हळहळतात आणि म्हणतात, "एवढ्या वेगात चालवल्यावर काय होणार!" हे उत्तर मला मान्य नाही. त्यात त्या मुलाबद्दल आदर नाही आणि माहितीही नाही. वेग माणसाला मारत नाही. चाकाची पकड अचानक बदलणं आणि अंगाचं अचानक थांबणं, या दोन गोष्टी मारतात. या दोन्हींचा बंदोबस्त बराचसा शर्यतीच्या आधी, दुसऱ्यांच्या हातांनी झालेला असतो. जमीन करणारा, गाडी बांधणारा, कुंपण लावणारा, पट्टा तपासणारा, सगळे त्यात आले. क्रिस्तियानची आठवण काढायची तर या लोकांच्या कामाबद्दल नीट बोललं पाहिजे.

खेळ थोडक्यात सांगतो. अंडाकृती कच्चा ट्रॅक, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लांबी 260 ते 425 मीटर. चार स्वार, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावीकडे. सुटण्याच्या रेषेवर ताणलेली टेप वर उडाली की सुटायचं. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला काहीच नाही. मिनिटाभरात निकाल. 360 मीटरचा ट्रॅक 64 सेकंदांत चारदा फिरलात तर सरासरी ताशी 81 किलोमीटर होते, आणि यात वळणंही धरलेली आहेत.

गाडी 500 सीसीची, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. वजन किमान 77 किलो, म्हणजे आपल्या साध्या 100 सीसी गाडीपेक्षाही बरंच कमी. पुढचं चाक 23 इंची, मागचं 19 इंची. गिअर एकच. इंधन मिथेनॉल. ब्रेक पुढेही नाही, मागेही नाही.

ब्रेक नाही हे ऐकून सगळे दचकतात, पण त्यामागे पक्का विचार आहे. चौघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, आडव्या गाड्यांवर वळणात शिरतात. त्यातल्या एकाने घाबरून ब्रेक दाबला तर मागचे तिघे त्याच्यावर चढतील. कोणाकडेच ब्रेक नसला की पुढचा अचानक थांबणार नाही, एवढी खात्री मागच्याला राहते. याची दुसरी बाजू वाईट आहे. पुढचा पडला तर मागच्याकडे उपाय दोनच: त्याला वळसा घालणं, किंवा स्वतःची गाडी जमिनीवर लोळवणं. ऑगस्ट 2015 मध्ये पोलंडमधल्याच झेलोना गूरा इथे डार्सी वॉर्ड या ऑस्ट्रेलियन स्वाराचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला लागलं आणि तो कुंपणावर गेला. तो वाचला, पण कमरेखाली लुळा झाला. 2009 आणि 2010 असा दोनदा ज्युनियर विश्वविजेता झालेला मुलगा. त्याच्या कौशल्यात काही कमी नव्हती.

आता वळण. स्वार गाडी डावीकडे झुकवतो आणि अॅक्सिलरेटरची मूठ पिळून मागचं चाक मुद्दाम घसरवतो. डाव्या बुटाला पोलादी तळ असतो, तो जमिनीवर टेकवतो. मागचं चाक उजवीकडे, बाहेर जातं आणि पुढचं चाक तो वळणाच्या उलट, उजवीकडे वळवून धरतो. ही घसरण मुठीवर तोललेली असते. मिस्त्री मंडळींनी इथे नीट लक्ष द्या, कारण रस्त्यावरची सवय इथे उलटी पडते. घाबरल्यावर हात आपोआप मूठ सोडतो. मूठ सोडली की मागच्या चाकावरची ताकद जाते, घसरणारा टायर एकदम जमीन पकडतो, आडवी गाडी झटक्यात उभी होते आणि स्वाराला उजवीकडे वर फेकते. याला हायसाइड म्हणतात. डोक्याच्या आणि मानेच्या वाईट दुखापती यातून होतात, कारण माणूस उंचावरून पडतो आणि कुठल्या बाजूने पडणार हे त्याच्या हातात उरत नाही. उलट, मूठ पिळलेलीच असताना चाकाला अचानक पकड मिळाली तर पुढचं चाक उचलतं आणि गाडी सरळ बाहेरच्या कुंपणाकडे धावते. यातलं काय करायचं हे ठरवायला अर्धा सेकंदही नसतो. सराव म्हणजे हा निर्णय डोक्यातून काढून मनगटात बसवणं, आणि त्याला वर्षं लागतात. अठराव्या वर्षी ती वर्षं झालेली नसतात, वडिलांनी कितीही शिकवलं असलं तरी.

पकड अचानक का बदलते? याचं उत्तर जमिनीत आहे, आणि हा भाग विदर्भातल्या माणसाला चटकन कळेल. ट्रॅकला खाली घट्ट पाया आणि वर मोकळा थर लागतो. कुठे ग्रॅनाइटचा चुरा वापरतात, कुठे विटेचा, कुठे शेल या मऊ, पापुद्र्यांच्या खडकाचा. आपल्याकडे याला सर्वात जवळचा माल म्हणजे मुरूम. आपली काळी माती या कामाला अजिबात चालत नाही: ओली झाली की फुगते, चिकटते, सुकली की भेगा पडतात. मुरमातही नुसते खडे असले तर चाकाखालून उडतात आणि मागच्याच्या तोंडावर येतात. नुसती माती असली तर पाणी मारल्यावर साबणासारखी होते. खडा, वाळू आणि बांधून ठेवणारी माती यांचं प्रमाण जमावं लागतं.

त्याहून अवघड काम पाण्याचं. पाणी कमी पडलं तर धूळ उडते आणि मागच्या दोघांना पुढचं दिसत नाही. जास्त झालं तर वरचा थर घसरतो. आणि सर्वात वाईट म्हणजे असमान पाणी. एका वळणावर ऊन, दुसऱ्यावर स्टँडची सावली. एका बाजूने वारा. उन्हातलं वळण दोन-तीन हीटमध्ये, म्हणजे शर्यतींमध्ये, सुकतं, सावलीतलं ओलं राहतं. मग कोरड्या पट्ट्यावर घसरणारं चाक ओल्या, चिकट पट्ट्यावर आलं की एकदम धरतं. मघाशी सांगितलेला झटका इथून येतो. चाकांनी खणलेले खड्डे असतील तर तो आणखी जोरात बसतो. म्हणून दर काही हीटनंतर, सहसा चार, ट्रॅक्टरला फळी लावून बाहेर गेलेला माल आत ओढतात, खड्डे भरतात, दाबतात आणि पुन्हा पाणी मारतात. हे काम प्रेक्षकांना कंटाळवाणं वाटतं, लोक शिट्ट्या मारतात. माझ्या मते अख्ख्या मैदानातलं जीव वाचवणारं सर्वात मोठं काम हेच आहे. कोणी नागपुरात कच्च्या ट्रॅकवर स्पर्धा घेणार असेल तर त्याला माझा आग्रह राहील: मे महिना सोडा, पारा 45 ला टेकलेला असताना पाणी टिकत नाही. आणि चहूकडून पाणी मारून झाल्यावर वळणावर स्वतः चालत जा, बुटाची टाच ठिकठिकाणी रोवून पाहा. सगळीकडे टाच सारखी गेली पाहिजे.

आता कुंपण. एक हिशेब मांडतो. स्वार सेकंदाला 22.5 मीटर वेगाने 20 अंशांच्या कोनात कुंपणावर गेला, तर कुंपणाच्या दिशेने त्याचा वेग सेकंदाला सुमारे 7.7 मीटर उरतो. लाकडी फळीने त्याला 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर अंगावर सरासरी 30 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तीसपट भार येतो. हवा भरलेल्या पॅनेलांच्या कुंपणाने 80 सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर चारच्याही खाली. वेग तोच, माणूस तोच, फक्त थांबायला जागा मिळाली. म्हणून वळणांवर हवेची कुंपणं आली. पण ती लावण्यातही चुका होतात. दोन पॅनेलमधला सांधा सैल राहिला तर माणूस त्या फटीत शिरून मागच्या खांबावर आदळतो. खालची कडा नीट बांधली नाही तर गाडी आत घुसून पॅनेल वर उचलते आणि स्वार खालून जातो. हवा बाहेर जायला झडपा नसतील तर कुंपण माणसाला परत ट्रॅकवर फेकतं, मागून येणाऱ्यांच्या चाकांसमोर. प्रत्येक पडण्यानंतर ते पॅनेल पुन्हा भरलंय का हे पाहिल्याशिवाय शर्यत सुरू करायची नसते.

गाडीबद्दल एकच गोष्ट सांगतो. स्वाराच्या मनगटाला दोरी असते, ती इग्निशनच्या कटआउटला जोडलेली. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. ती लांब ठेवली किंवा हँडलला गुंडाळली तर पडलेली गाडी जमिनीवर गोल फिरत राहते आणि फिरणारी साखळी जवळ येणाऱ्याला कापते.

हेल्मेटकडे येऊ. क्रिस्तियानच्या बाबतीत ते का निघालं यावर मी इथे निवाडा देणार नाही. हेल्मेट कशाकशाने निघतं हे मात्र सांगू शकतो, आणि ते तुमच्या रोजच्या गाडीलाही लागू आहे. हेल्मेटमधला जाड थर्माकोल साधारण तीन-चार सेंटिमीटरचा असतो. मघाच्या हिशेबातलं कुंपणाचं काम डोक्यासाठी तो करतो. युरोपच्या जुन्या 22.05 मानकात (आता त्याच्या जागी 22.06 आलं आहे) हेल्मेट सेकंदाला 7.5 मीटर वेगाने आपटायचे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन-तीन मीटरवरून पडल्यासारखं, आणि आतल्या नकली डोक्यावर 275 जी पेक्षा जास्त आलेलं चालायचं नाही. हे सगळं हेल्मेट डोक्यावर असेल तरच. अपघातात पहिला धक्का सहसा शेवटचा नसतो. पहिल्या धक्क्याला हेल्मेट उडालं तर दुसरा उघड्या डोक्यावर बसतो.

दोन कड्यांचा पट्टा असतो त्यात चूक कुठे होते? पट्टा दोन्ही कड्यांतून न्यायचा, मग बाहेरच्या कडीवरून परत फिरवून फक्त आतल्या कडीतून ओढायचा. पुष्कळ पोट्टे दोन्हींतून ओवतात आणि टोकाचं प्रेस बटण लावून मोकळे होतात. ते बटण पट्ट्याचं टोक फडफडू नये म्हणून आहे, भार घ्यायला नाही. दात्यांचं प्लास्टिक बकल असेल तर बंद करून जोरात ओढून पाहा. दाते झिजले असतील तर सरकतं. पट्टा आणि हनुवटीमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. मग कोणाला तरी मागे उभं करा, हेल्मेटची मागची खालची कडा धरून वर आणि पुढे ढकलायला सांगा. डोळ्यांवर घसरलं किंवा निघालं तर ते हेल्मेट तुमच्या मापाचं नाही, किंमत कितीही असो. आपल्याकडच्या घामाने आतली गादी दबते, दोन-तीन उन्हाळ्यांनी मापाचं हेल्मेट ढिलं होतं. आरशावर अडकवून ठेवलं की थर्माकोलला खाच पडते. पेट्रोलने तो विरघळतो, म्हणून आतून पेट्रोलच्या फडक्याने पुसू नका. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर दबलेला असतो, ते बाद करा. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 नुसतं हेल्मेट घाला म्हणत नाही, ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधा असं म्हणतं.

शेवटी एका विद्यार्थ्याने विचारलं, पडलेल्या स्वाराचं हेल्मेट काढायचं की नाही?

तो शुद्धीत असेल, श्वास नीट चालू असेल, तर काढू नका. काच वर करा, त्याच्याशी बोला, डोकं जसं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि 108 ला फोन लावा. श्वास अडत असेल, उलटी होत असेल किंवा श्वास थांबला असेल, तर काढावंच लागतं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने डोक्याच्या वर गुडघ्यांवर बसून हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरायचं, डोकं हलू द्यायचं नाही. दुसऱ्याने पट्टा सोडायचा, सुटत नसेल तर कापायचा. मग त्याने एक हात जबड्याखाली आणि दुसरा मानेमागून डोक्याच्या मागच्या भागाखाली सरकवायचा. आता डोक्याचा सगळा भार याच्याकडे. पहिल्याने हेल्मेटच्या कडा कानांपासून बाहेर ताणायच्या आणि हळूहळू ओढायचं. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट असेल तर नाक सुटेपर्यंत किंचित मागे कलवायचं. हेल्मेट सुटता सुटता खालच्याने हात वर सरकवून डोकं धरून ठेवायचं, नाहीतर ते एकदम जमिनीवर पडतं. हेल्मेट निघालं की पहिल्याने पुन्हा दोन्ही हातांनी डोकं धरायचं आणि अॅम्ब्युलन्सचे लोक सांगेपर्यंत सोडायचं नाही. हे आधी शुद्धीतल्या मित्रावर दहा-बारा वेळा करून पाहा, दोघांनी आलटून पालटून. खाली आडवा पडलेला मित्र सांगेल मान कुठे हलली ते. ज्या क्लबला आज संध्याकाळी करायचं असेल त्यांनी थांबावं, दोन हेल्मेट आणि एक चटई आणलेली आहे.