हा भराव कुणी घातला?

(दुबईतल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिला होता ‘आपली दुबई, स्वप्नांची नगरी’. माझी सगळी नोकरी इथली माती आणि वाळू तपासण्यात गेली. तेव्हा बुर्ज खलिफा, भरावाने केलेलं ताडाच्या आकाराचं पाम बेट आणि समुद्रातली ती जगाच्या नकाशाची बेटं यांच्याबद्दल चार गोष्टी सांगाव्यात, एवढीच अपेक्षा असणार. त्या सांगतेच. पण दिवाळीच्या तोंडावर माझ्या नातीने एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून तो पाठ सोडत नाही. त्यामुळे आज बोलणं त्याच्याच भोवती फिरणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या बिल्डिंगच्या मागे, पार्किंगच्या कडेला, मुलांनी किल्ला करायला घेतला होता. मावळे पुण्याहून आले होते, महाराज सिंहासनासकट आले होते. माती मात्र इथलीच. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधली वाळू बादल्यांनी आणायची, बुरूज रचायचा आणि तो ढासळला की एकमेकांवर ओरडायचं, असं सगळी दुपारभर चाललेलं. बिल्डिंगची डागडुजी बघणारे एक काका तिथून चालले होते. ते थांबले आणि नातीला म्हणाले, “बाय, नुसती वाळू उभी राहायची नाही. पाणी मार. थर दे. ठोक. मग दुसरा थर.” असं म्हणून स्वतःच उकिडवे बसले आणि विटेच्या तुकड्याने धुम्मस करायला लागले. वीतभर थर, वर पाणी, वर ठोके. बोटाने दाबून बघत, परत ठोकत. अर्ध्या तासात बुरूज उभा राहिला, आणि भाऊबीज होईपर्यंत राहिला.

काका खेड तालुक्यातले. पूर्वी सळईचं काम करायचे, फिक्सर होते. पामवरच्या इमारतींच्या सळया बांधल्यात, बुर्जवरही काही महिने होते. गुडघे गेले तशी ही मेंटेनन्सची नोकरी धरली.

रात्री जेवताना नात म्हणाली, “आजी, काका मराठी आहेत ना? मग ते आपल्या मंडळात का येत नाहीत?”

मी म्हटलं, “अगं, त्यांना ड्यूटी असते.”

ती म्हणाली, “रोज?”

आता त्या वाळूबद्दल बोलते, कारण काकांनी मुलांना जे सांगितलं तेच पाम जुमेराच्या पोटात आहे. अख्खं वाळवंट उशाशी असताना समुद्रात भराव घालायला वाळू समुद्रातूनच का उपसली, हे पाहुणे नेहमी विचारतात. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून घासून गोल आणि बारीक झालेली असते. पाण्यात टाकली की कण एकमेकांवरून घसरतात, नीट बसत नाहीत. समुद्रतळाची वाळू हातात घेऊन बघा, शिंपल्यांचे चुरे बोटांना टोचतात. हे खरबरीत कण एकमेकांत अडकतात. म्हणून 2001 साली काम सुरू झालं तेव्हा ड्रेजर जहाजं तळातली वाळू ओढून घ्यायची आणि नळीतून हवेत कमान करून फवारायची. जागा अचूक कळावी म्हणून वर उपग्रहांचा आधार. असे सुमारे 9 कोटी 40 लाख घनमीटर वाळू आणि 70 लाख टन दगड पडले, तेव्हा कुठे ती झावळ्यांची नक्षी पाण्यावर आली.

पण फवारलेली वाळू म्हणजे जमीन नव्हे. ती मोकळी असते, पोकळ असते. त्यावर घर बांधलं तर बसलंच खाली. मग लांबलचक कंप पावणारे दांडे पाण्याच्या झोतासकट वाळूत खोल घालायचे, कण हलवून हलवून घट्ट बसवायचे, वर पडलेला खड्डा भरायचा आणि पुढच्या जागेवर जायचं. हजारो ठिकाणी. पाणी आणि ठोके, दुसरं काही नाही. भोवतीचा 11 किलोमीटरचा बांध आधी सलग होता. आतलं पाणी साचून कुजायला लागेल असं दिसलं, तेव्हा पाणी खेळतं राहावं म्हणून त्याला खिंडी ठेवाव्या लागल्या. समुद्राशी असं रोज जमवून घ्यावं लागतं. किनाऱ्याची वाळू प्रवाहाबरोबर सरकते, ती परत आणून टाकावी लागते.

बुर्ज खलिफाची उंची 828 मीटर, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. 4 जानेवारी 2010 ला उद्घाटन झालं आणि त्याच संध्याकाळी नाव बदललं, हेही आपल्यापैकी बरेच जण सांगतात. मला मात्र त्याचं जमिनीखालचं अंग जास्त थोर वाटतं. खाली कातळ नाही. ठिसूळ, मऊ खडक आहे आणि भूजल समुद्रापेक्षाही खारट, सळई खाऊन टाकणारं. दीड मीटर व्यासाचे 192 पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले काँक्रीटचे खांब, त्यात उतरवलेत. ते मुख्यतः कुठल्या कठीण थरावर टेकून उभे नाहीत. भोवतीच्या मऊ खडकाला अंग घासून, त्या घर्षणावर त्यांनी तो डोलारा पेलला आहे. वर तीन लाख तीस हजार घनमीटर काँक्रीट. उन्हाळ्यात दिवसा ओतलं तर भेगा पडणार, म्हणून बर्फ घालून रात्री ओतायचे आणि पंपाने एका दमात सहाशे मीटरच्या वर चढवायचे. एड्रियन स्मिथ यांचं नाव आर्किटेक्ट म्हणून जगाला माहीत आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या रात्री नळीचं तोंड धरून उभा असलेला माणूस, व्हायब्रेटर चालवणारा माणूस, सळईच्या जाळ्यात वाकून तारेचा पीळ मारणारा माणूस? तो माणूस आमच्या मागच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसून बुरूज ठोकत होता.

मला हे शहर आवडतं. कुणी त्याला दिखाऊ म्हटलं की मला राग येतो. वाळूत उधळलेला पैसा म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की, 1966 साली तेल सापडायच्या आधीच दुबईचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून खाडीतला गाळ उपसून घेतला होता, गलबतं आत यावीत म्हणून. हातात काही नसताना कर्ज काढून खाडी खोल करणाऱ्या माणसाला मी उधळ्या म्हणणार नाही. त्याआधीचे मोती विकायला मुंबईलाच जायचे. 1966 पर्यंत इथला व्यवहार रुपयातच चालायचा. तेव्हा आपलं इथलं येणं-जाणं नोकरीच्या व्हिसापेक्षा बरंच जुनं आहे.

आणि भरावाबद्दल तर मुंबईकराने बोलूच नये. आपली मुंबईच सात बेटांची. हॉर्नबी वेलार्डचा बांध समुद्रात सारखा वाहून जायचा, शेवटी रामजी शिवजी प्रभूंना दृष्टांत झाला, वरळीच्या पाण्यातून देवीची मूर्ती निघाली आणि मग बांध टिकला, ही महालक्ष्मीची कथा आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. नरीमन पॉइंट भरावावर, मरीन ड्राइव्ह भरावावर, आणि आत्ता कोस्टल रोडसाठी पुन्हा भराव. गव्हर्नर हॉर्नबीचं नाव राहिलं, आख्यायिकेत का होईना प्रभूंचं नाव राहिलं. पाट्या वाहणाऱ्यांचं एकही नाव आपल्याला सांगता येत नाही.

रायगडावर मात्र सांगता येतं. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलंय, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. महाराजांनी आपलं नाव पायरीवर कोरू द्यावं, एवढंच बक्षीस गड बांधणाऱ्या हिरोजींनी मागितलं, असं आपण मुलांना दरवर्षी किल्ल्यापाशी उभं राहून सांगतो आणि सांगताना आपला गळा भरून येतो. यंदा मी ती गोष्ट सांगत होते आणि ज्या हातांनी तो बुरूज ठोकून दिला ते काका जिन्याशी ट्यूबलाइट बदलत होते. नातीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.

म्हणून आज थोडं रागावून बोलते आहे, घरच्या माणसांवर रागवावं तसं.

आपल्याकडे पाहुणे येतात. चकली-चिवडा, गोडा मसाला, नातवंडांना पुस्तकं घेऊन येतात. आपण त्यांना फिरवतो. कारंजं, मॉल, मोनोरेलने पाममधून अटलांटिस, अब्राने, म्हणजे छोट्या होडीने, खाडी ओलांडून देऱ्यातलं सोनं. इतके मजले, इतकी लिफ्ट, इतकी काच, सगळं आपल्याला तोंडपाठ. पण पहाटे पाच वाजता पांढऱ्या बसगाड्या सोनापूर, अल कूझ इथल्या कामगारांच्या कॅम्पवरून निघतात, तोंडाला गमछा गुंडाळलेली माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असतात, त्यातला कोण नांदेडचा, कोण म्हसळ्याचा, हे आपल्याला ठाऊक नाही. सिग्नलला आपली गाडी त्या बसशेजारी उभी राहते. आपण फोन बघतो. मागच्या सीटवर बसलेलं मूल बसकडे बघतं, आणि आपण कुणाकडे बघायचं नाही हे ते आपल्याकडूनच शिकतं. आपल्या घरांमध्ये ‘लेबर’ हा शब्द कसा उच्चारला जातो, ते मी ऐकलेलं आहे. मुलंही तो तसाच उच्चारतात.

मंडळाचं काय? आपला मेळावा हॉटेलच्या हॉलमध्ये. तिकिटाची रक्कम अशी की महिन्याच्या पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाने विचारही करू नये. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, कारण आपल्याला रविवारी उशिरा उठता येतं. बऱ्याच साइटवर शनिवारी काम असतं, सुट्टी रविवारची. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, मला मान्य आहे. मुद्दाम न करताच दरवर्षी असंच होतं.

आणखी एक बोलायचं राहतंय, तेही बोलून टाकते. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यात मुसलमान घरं पुष्कळ. घरात कोकणी बोली, शाळा कुणाची मराठी, कुणाची उर्दू. फणसाची साठं, कुळथाची पिठी आणि पहिल्या पावसातले चढणीचे मासे यांवर त्यांचा जीव आपल्याइतकाच. आपल्या सभासदांच्या यादीत यातली किती नावं आहेत? मी यादी वाचली. तुम्हीही वाचा.

गेल्या आठवड्यात मी काकांना आजच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. तिकिटाचं मी बघते म्हटलं. ते हसले, म्हणाले, “बघू ताई. ड्यूटी नसली तर.” त्यांची ड्यूटी कधी असते हे मला ठाऊक आहे. आज त्यांची दुपारीच सुटलेली आहे. ते खोलीवर असतील, गावी व्हिडिओ कॉल लावून बसले असतील. न येण्याचं कारण त्यांनी मला दिलं ते माझा मान राखायला. आणि ते आलेच असते तर त्यांना कुठल्या टेबलावर बसवलं असतं, शेजारचा माणूस त्यांच्याशी काय बोलला असता, याचं उत्तर मी तिकीट काढण्याआधी शोधायला हवं होतं असं नव्हे, ते आपण सगळ्यांनी मिळून शोधायला हवं आहे. नुसतं बोलावून हे सुटणार नाही, हे मला दिसतंय. कशाने सुटेल ते दिसत नाही.

तरी कार्यकारिणीपुढे एक मागणी ठेवते. हिवाळ्यातला एक रविवार, मोकळी बाग, तिकीट नाही. जेवण घरून न्यायचं. कॅम्पवरून येण्या-जाण्याच्या बसचा खर्च आपण वर्गणीतून करायचा. भाषणं नकोत, सत्कार तर मुळीच नकोत. शाल-नारळ देऊन फोटो काढला की आपण मोकळे होतो, म्हणून नकोत. फक्त मुलांना त्यांच्याजवळ बसू दे. पाइलचा पिंजरा कसा बांधतात, एवढ्या उंचीवर पहिल्यांदा चढलं की पोटात काय होतं, जूनमध्ये साडेबारा ते तीनच्या सुट्टीत सावली कुठे शोधायची, हे आपल्या मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकावं. या शहराची ही बाजू मी इंजिनिअर असूनही सांगू शकत नाही.

घाई करायला हवी. पाम, बुर्ज, समुद्रातली ती तीनशे बेटं, या कामांवर 2000 नंतरच्या दशकात जे तरुण होते ते आता पन्नाशीत आहेत. करार संपला की इथली माणसं परत जातात, राहण्याची सोय नसते. काकाही पुढच्या वर्षी जायचं म्हणतात. गावी घराचा स्लॅब पडलाय, गिलावा राहिलाय.

आणि जेबेल अलीचा पाम, 2008 च्या मंदीनंतर वर्षानुवर्षं नुसता वाळूचा आकार होऊन पडलेला, त्याचं काम आता पुन्हा सुरू झालंय. म्हणजे पुन्हा भराव, पुन्हा धुम्मस, पुन्हा सळया, आणि पुन्हा विशीतली मुलं. त्यांत आपली मराठी मुलं कोण आहेत, कुठल्या कॅम्पमध्ये राहतात, मला माहीत नाही. इथे बसलेल्यांपैकी तीन-चार जण तरी त्या कामाशी संबंधित कंपन्यांत आहेत. जेवणाआधी मला भेटा. मी दाराशीच उभी आहे.