पहिल्या पायरीवरचा पैसा

मित्रहो, औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, तर आरोग्य धोरणाचं मर्म तिथेच कळतं. एक वयस्कर गृहस्थ चिठ्ठी पुढे करतात. 'सगळ्याचे मिळून किती होतील?' आकडा ऐकला की चिठ्ठी परत घेतात, घडी उलगडून पुन्हा पाहतात आणि हळूच म्हणतात, 'यातली अगदी लागतीलच तेवढी द्या. पाच दिवसांची.' मग गुडघेदुखीची गोळी राहते आणि रक्तदाबाची गळते. रक्तदाब दुखत नाही ना!

डॉक्टरने करायची निवड तिथे खिसा करतो. सरकारं योजना आखतात, त्यांतल्या कितीतरी फक्त दवाखान्यात भरती झाल्यावर लागू होतात. म्हणजे रक्तदाबाची गोळी पदरच्या पैशाने घ्यायची, आणि ती परवडली नाही म्हणून अर्धांगवायू झाला की त्याचा खर्च सरकार करणार. हा उफराटा हिशेब आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

पैसे कुठून तरी यावेच लागतात, हे मला मान्य आहे. प्रश्न ते कधी घ्यायचे हा आहे. माणूस धडधाकट असताना, थोडे थोडे, सगळ्यांकडून घ्यावेत. आजारी पडून दारात आल्यावर घेऊ नयेत. जर्मनीत सरकारप्रमुख बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांचा आजारविमा सुरू झाला. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. तो सक्तीचा होता, आणि ते योग्यच होतं. विमा ऐच्छिक ठेवला की तब्येत ठणठणीत असलेले बाहेर राहतात, आजारी तेवढे आत येतात आणि हप्ता चढत जातो. पण ज्यांना महिन्याचा पगारच नाही, त्यांची वर्गणी कशातून कापणार? त्यांच्यासाठी करातूनच पैसा उभा करावा लागतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की फुकट दिलं तर लोक उगाच गर्दी करतील, थोडं तरी शुल्क हवं. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने याचीच परीक्षा पाहिली. काही कुटुंबांना उपचार मोफत, काहींना खर्चातला वाटा उचलावा लागे. वाटा उचलणारे डॉक्टरकडे कमी गेले, हे खरं. पण गरज नसलेल्या उपचारांबरोबर गरजेचे उपचारही त्यांनी कमी केले. सर्वसाधारण माणसाच्या तब्येतीत त्यामुळे फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. फरक पडला तो गरीब आणि रक्तदाब असलेल्या माणसांत. मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला. शुल्काची चाळणी गरज पाहत नाही, ऐपत पाहते.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन १९५१ साली सरकारमधून बाहेर पडले, कारण चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणं काहींना हट्ट वाटेल. मला नाही वाटत.

आता अंतराबद्दल. उपचार मोफत असले तरी दवाखाना दिवसभराच्या वाटेवर असेल, तर बसभाडं आणि बुडालेली मजुरी हेच शुल्क होतं. म्हणून मला थायलंडचं उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं. २००२ सालापर्यंत त्यांनी देशभर अशी योजना नेली, की ज्यांना दुसरं कुठलंही संरक्षण नव्हतं त्यांना एका भेटीला ३० बाथ (बाथ हे तिथलं चलन) भरून उपचार मिळू लागले. अतिगरिबांना तेही माफ. जगाने कौतुक केलं ते त्या ३० बाथचं. पण खरं काम त्याआधीच दोन-तीन दशकं चाललं होतं. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांच्या बांधकामाचा पैसा त्यांनी काही वर्षं रोखला आणि ग्रामीण जिल्ह्यांतल्या लहान रुग्णालयांकडे वळवला. सरकारी महाविद्यालयांतून डॉक्टर होणाऱ्यांना तीन वर्षं सरकारी सेवेचं बंधन घातलं. परिचारिका तयार केल्या, त्यांना लहान केंद्रांवर नेमलं. त्यामुळे लोकांच्या हाती योजनेचं कार्ड आलं, तेव्हा ते दाखवायला जवळपास दवाखाना होता, आणि दवाखान्यात माणसं होती.