अनुभवी तलवारबाज आपल्या हुलीला का फसत नाही?

नमस्कार. रेपियर या लांब, सडपातळ पात्याच्या तलवारीवरील मागच्या व्हिडिओपासून एकच प्रश्न सतत विचारला जातो आहे: नवख्यावर हमखास चालणारी हूल कसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर का चालत नाही? पवित्रा आणि पावले तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून मी थेट मुद्द्यावर येतो.

इटालियन तलवारबाजी-शिक्षक रिडोल्फो कापोफेर्रो यांनी सिएना येथे १६१० साली छापलेल्या ग्रंथात हूल चांगली नाही, असे स्पष्टच लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे: तुम्ही टप्प्याबाहेरून, म्हणजे तुमचे टोक मला लागणारच नाही इतक्या अंतरावरून हूल दिलीत, तर मला हलण्याची गरजच नाही; टप्प्यात येऊन दिलीत, तर तुम्ही हूल देण्यात गुंतलेले असतानाच मी तुम्हाला गाठीन. दुसरे इटालियन शिक्षक साल्वातोर फाब्रिस यांनी १६०६ साली कोपनहेगन येथे छापलेल्या ग्रंथात हूल नाकारलेली नाही. मात्र पाय आपटून दचकवणे आणि पाते पुढे करून मागे घेणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते टोक असे जावे की समोरच्याने अडवले नाही तर ते लागेलच, आणि अडवायला त्याचा हात हलला तर त्याच क्षणी ते दुसऱ्या बाजूने आत शिरेल.

पाते मागे घेण्याची ही सवय मला फार खटकते. मागे घेण्यात एक हालचाल खर्च होते, पुन्हा पुढे नेण्यात दुसरी, आणि समोरच्याला तुम्हाला गाठायला एकच पुरते. एका ज्येष्ठ खेळाडूसमोर मी खांद्याकडे हूल दिली, तेव्हा त्यांची मूठ बोटभरही हलली नाही. माझे कोपर मागे जाताच त्यांचे टोक माझ्या छातीवर टेकले आणि पाते कमानीसारखे वाकले. त्यांची नजर माझ्या टोकावर नव्हतीच, कोपरावर होती, असे त्यांनी नंतर सांगितले.

हूल जितकी जलद तितकी चांगली, असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे, ते मला अजिबात पटत नाही. समोरच्याला धोका दिसायलाच वेळ मिळाला नाही, तर तो अडवायला हात हलवणार नाही, आणि हात हलला नाही तर तुम्हाला वाट मोकळी होणार नाही. म्हणून पुन्हा सांगतो, टोक मागे घेऊ नका, समोरच्याला दिसेल असे पुढेच राहू द्या.

आता जो अडवतच नाही, तुमच्या हालचालीत आपले टोक घुसवण्यासाठी टपून बसतो, त्याचे काय करायचे? त्याला हवी असलेली हालचाल त्याला द्या, पण पाऊल पूर्ण टाकू नका आणि वजन मागच्या पायावर राखा. त्याचे टोक आले की ते पात्याच्या मुठीजवळच्या भागावर घ्या, आणि मगच झेप टाका.