कार्डिओग्रामवरचे आकडे कसे वाचावेत

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी फायलीत एखादा तरी कार्डिओग्राम, म्हणजे ईसीजीची पट्टी, असेल. त्या चौकटींच्या कागदावर यंत्राने वर काही आकडे छापलेले असतात आणि कधीकधी खाली 'बॉर्डरलाइन' असा शब्द. तो शब्द वाचून रात्रभर न झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून आज फक्त त्या आकड्यांबद्दल बोलतो.

आधी कागद समजून घ्या. तो सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. त्यामुळे लहान चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद, मोठा म्हणजे 200. दोन उंच टोकांमध्ये मोठे चौकोन किती ते मोजा आणि 300 ला त्या संख्येने भागा. चार चौकोन आले तर ठोके मिनिटाला 75. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ पडलेला असताना 60 ते 100 ठोके ठीक मानतात. पण रोज पळणाऱ्याची नाडी 50 असू शकते, आणि चक्कर नाही, दम लागत नाही, तर एवढ्यावरून त्याला आजारी म्हणता येत नाही. तरुणांमध्ये श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. तेही निरोगीच.

पीआर म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात निघालेला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांना पोचायला लागणारा वेळ, 120 ते 200 मिलिसेकंद. एवढा वेळ का? वाटेत एव्ही नोडपाशी, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीपाशी, संदेश मुद्दाम रेंगाळतो, तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरून घेतात. हा थांबा नसता तर हृदय अर्धवट भरलेलंच आवळलं गेलं असतं.

क्यूआरएस हा खालच्या कप्प्यांत संदेश पसरण्याचा वेळ. तो साधारण 110 च्या आत असतो. 120 किंवा जास्त झाला की अहवालात 'बंडल ब्रँच ब्लॉक' असं येऊ शकतं, आणि इथे फार मोठा घोटाळा होतो. लोकांना वाटतं, ब्लॉक म्हणजे ब्लॉकेज, आता अँजिओप्लास्टी! तसं नाही. हा अडथळा विजेच्या वाटेच्या एका फांदीतला आहे, रक्तवाहिनीतला नाही. उजव्या फांदीचा ब्लॉक तर धडधाकट माणसांतही सापडतो. डाव्या फांदीचा दिसला तर मात्र इकोसारखी (हृदयाची सोनोग्राफी) पुढची तपासणी करून घ्यावी.

आता सर्वांत नाजूक आकडा, क्यूटी. खालचे कप्पे उत्तेजित होऊन पुन्हा पूर्वस्थितीत येईपर्यंतचा हा काळ. ठोके वाढले की तो आखडतो, म्हणून ठोक्यांच्या हिशोबाने तो दुरुस्त करून क्यूटीसी काढतात. पुरुषांत 450 आणि स्त्रियांत 460 मिलिसेकंदांपासून पुढे तो लांबलेला धरतात. हा फरक वयात आल्यावर पडतो. मुलग्यांचा क्यूटी तेव्हा आखूड होतो.

दुरुस्ती कशी करतात, यावर बरंच अवलंबून आहे. बॅझेटचं सूत्र 1920 चं, फ्रिडेरिशियाचंही त्याच वर्षीचं. समजा, कोणी घाईघाईने जिना चढून आला आणि लगेच टेबलावर झोपला. ठोके 100, मोजलेला क्यूटी 360. बॅझेटने क्यूटीसी येतो 465, फ्रिडेरिशियाने 427. तोच माणूस, तीच पट्टी! बरीच यंत्रं बॅझेटचं सूत्र वापरतात आणि ठोके जलद असले की ते आकडा फुगवतं. म्हणून पाच-दहा मिनिटं शांत पडून मग पुन्हा पट्टी काढायला सांगा. पण क्यूटीसी खरोखर 500 च्या पुढे असेल तर हयगय नको. काही अँटिबायोटिकं आणि काही मानसोपचारातली औषधं तो लांबवतात, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे सगळे आकडे हद्दीत असले तरी हार्ट अटॅक नाही, असं त्यावरून ठरत नाही. सुरुवातीच्या काळात पट्टी अगदी साफ येऊ शकते. छातीत दडपण आहे, घाम फुटतोय, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जातेय, तर 'ईसीजी नॉर्मल' म्हणून घरी परतू नका. थोड्या वेळाने पुन्हा काढा, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, तपासून घ्या.

आणि जुनी पट्टी टाकून देऊ नका. चार वर्षांपूर्वीही पीआर 210 च होता, हे दिसलं की आजच्या 210 कडे डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतात. थर्मल कागदावरची छपाई पुसट होत जाते, तेव्हा आज घरी गेल्यावर पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.