पिशवीतलं गढूळ वॉर्ट

श्रीखंडासाठी दही टांगल्यावर खाली पातेल्यात जमणारं पाणी कधी नीट बघितलंय? आपसूक ठिबकू दिलं तर हिरवट, निवळ. पुरचुंडी पिळली की पांढरं. घरी बिअर करताना माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात मुरवतात; त्यातून निघणारं गोड पाणी म्हणजे वॉर्ट. या पिशवीचंही असंच, आणि इथूनच कुरकूर सुरू होते, ‘माझं वॉर्ट गढूळ येतं.’

पुण्यात बोलतोय, म्हणून आधी खुलासा. 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. मी हे उद्योग केले ते मेलबर्नला, बहिणीच्या गॅरेजमध्ये. तिथे चालतं, आणि पिशवीची पद्धत रुजवली तीही ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनीच.

ब्रुअरीत धान्याच्या टरफलांचा थरच गाळणी होतो. सुरुवातीचं गढूळ वॉर्ट परत वरून सोडतात; थर बसला की खालून निवळ येतं. पिशवी उचलली की तो थर मोडतो. त्यात पिशवीसाठी माल्ट बारीक भरडतात, म्हणजे पीठ आलंच. पहिल्या खेपेला मी ते वॉर्ट पंच्यातून गाळत तासभर बसलो. पंचा चिकट झाला, वॉर्ट होतं तसंच.

बघायचं ते हे, की गढूळपणा कशाचा आहे. स्टार्चची साखर झालीच नसेल, तर तो थेट बिअरपर्यंत जातो. 66 अंशांना तासभर ठेवल्यावर पांढऱ्या बशीत वॉर्टचा थेंब घ्या, त्यावर आयोडीन टाका. काळंनिळं झालं तर अजून थांबा. थेंबात टरफल मात्र नको. ते काळं पडतंच आणि उगाच घाबरवतं.

पिशवी पिळली की टॅनिन, म्हणजे टरफलातलं तुरट द्रव्य, उतरतं, असं ऐकलं असेल. तुरटपणा येतो तो 77 अंशांवरच्या पाण्याने धान्य धुतल्यामुळे आणि पीएच 6च्या आसपास गेल्यामुळे. पिळा खुशाल.

गढूळपणाचं दुसरं कारण प्रथिनं; त्यांचं काम वॉर्ट उकळताना होतं. आधी फेस उतू जायला बघतो, मग दूध फाटल्यासारखे चोथे फिरायला लागतात. उकळी संपायच्या 10-15 मिनिटं आधी आयरिश मॉस, म्हणजे समुद्री शेवाळ, चिमूटभर टाकायचं. पूर्वी गढूळ पाण्याच्या माठात निवळीचं बी उगाळून घालायचे ना, त्याच जातीचं काम. मग वॉर्ट झटपट गार करायचं. जितकं लवकर गार, तितका गाळ जास्त सुटतो. मेलबर्नला थंडीत नळाच्या पाण्यावर भागलं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट, तिथे बर्फाशिवाय गत नाही.

दुसऱ्या खेपेला काहीच गाळलं नाही. थोडं वॉर्ट काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी दोन बोटं गाळ, वर कोऱ्या चहासारखं वॉर्ट. बहीण ग्लास उजेडात धरून म्हणाली, ‘मग त्या दिवशी माझा पंचा कशाला नासवलास?’